लिंकची देवाणघेवाण करताना या चुका टाळा

2027 चा सिंहस्थ जवळ येऊ लागला तशा नाशिक आणि त्र्यंबकेश्वर परिसरातील लॉज, होमस्टे, टॅक्सीसेवा आणि कृषी पर्यटन केंद्रांच्या नव्या वेबसाइट भराभर उभ्या राहत आहेत, आणि वेबसाइट सुरू होऊन चार दिवस होत नाहीत तोच मालकाकडे ‘तुम्ही आमची लिंक लावा, आम्ही तुमची लावतो’ असे ईमेल येऊ लागतात. लिंकची देवाणघेवाण मुळात गैर नाही. ज्यांचे ग्राहक एकमेकांच्या उपयोगाचे आहेत अशा दोन व्यवसायांनी एकमेकांचा पत्ता सांगावा, यात लपवण्यासारखे काहीच नाही. परंतु या भागातील छोट्या व्यवसायांच्या वेबसाइटचे काम करताना त्याच त्या चुका मला इतक्या वेळा निस्तराव्या लागल्या आहेत की त्या एकदा सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक वाटते.

संबंध नसलेल्यांशी देवाणघेवाण

या चुकीचे मूळ अर्धवट माहितीत आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना मांडलेल्या पेजरँक पद्धतीत एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेली लिंक ही शिफारस मानली गेली होती, आणि शिफारस करणारे पान जितके वजनदार तितके त्या शिफारशीचे मोल अधिक. त्यातला दुसरा भाग लोक विसरले आणि ‘जितक्या लिंक जास्त तितके आपण गुगलच्या शोधात वर’ एवढाच समज रुजला. गुगलने एप्रिल 2012 मध्ये पेंग्विन अपडेट आणून कृत्रिम लिंकना मोठा दणका दिला, 2016 मध्ये ती तपासणी शोधाचा क्रम ठरवणाऱ्या मूळ अल्गोरिदमचाच भाग केली, आणि आज त्यांच्या स्पॅम धोरणात अतिरेकी देवाणघेवाण तसेच केवळ परस्परांना लिंक देण्यासाठी तयार केलेली ‘पार्टनर’ पाने यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही शेकड्याने लिंक मिळवून देणारी पॅकेजे विकली जातात आणि घाईला आलेले मालक ती विकत घेतात.

दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागेत कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्या एका बागायतदारांनी असेच पॅकेज बाहेरगावच्या एजन्सीकडून घेतले होते. जानेवारी ते मार्च या काळात मुंबई-पुण्याची कुटुंबे बाग पाहायला, स्वतःच्या हाताने द्राक्षे तोडायला येतात आणि केंद्राचे वर्षाचे बहुतेक उत्पन्न त्यातच होते. ऐन जानेवारीत गुगलवरून येणारी चौकशी जवळजवळ थांबली. वेबसाइट तपासायला घेतल्यावर कोणत्याही मेन्यूत न दिसणारे ‘अवर पार्टनर्स’ नावाचे एक पान सापडले. वजन कमी करण्याची औषधे, तातडीचे कर्ज, दिल्लीचे पॅकर्स अँड मूव्हर्स, ट्रकचे टायर, ऑनलाइन रमी अशा लिंक त्यात एकाखाली एक लावलेल्या होत्या. त्या साऱ्या वेबसाइटवर तशाच पानांच्या तळाशी या बागेची लिंक होती आणि प्रत्येक ठिकाणी शब्द तेच होते: ‘बेस्ट ग्रेप फार्म स्टे नाशिक’. ट्रकच्या टायरचा भाव पाहायला आलेला माणूस तिथून द्राक्षबागेत मुक्कामाला येणार नाही, हे बागायतदारांना समजावून सांगावे लागले नाही. ते पान त्यांनी तोपर्यंत पाहिलेच नव्हते.

वेबसाइटच्या मालकांसाठी गुगलने दिलेल्या सर्च कन्सोल या साधनात अनैसर्गिक लिंकबद्दल मॅन्युअल ॲक्शनची, म्हणजे गुगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईची, सूचना आधीच येऊन पडली होती, परंतु खाते एजन्सीच्या ईमेलवर उघडलेले होते आणि एजन्सीने ती मालकांना कळवली नव्हती. त्यामुळे पहिले काम खाते बागायतदारांच्या नावावर घेण्याचे झाले. मग ते पान काढून टाकले, लिंकचा अहवाल उतरवून घेऊन एकेका वेबसाइटला लिंक काढण्याची विनंती केली, ज्यांच्याकडून उत्तर आले नाही त्यांची डोमेन, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, डिसअव्हाऊ फाइलमध्ये (‘या लिंक आमच्या खात्यात धरू नका’ असे गुगलला कळवणाऱ्या यादीत) घातली आणि काय काय केले याची नोंद जोडून फेरविचाराचा अर्ज पाठवला. अर्ज मान्य झाला तेव्हा द्राक्षे उतरून बागेत खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतरची छाटणी, सुरू झाली होती. तो हंगाम त्यांच्या हातून गेला तो गेलाच.

म्हणून मी कुणाचीही वेबसाइट हाती घेतली की देवाणघेवाणीसाठी आधी इतर वेबसाइटची यादी करत नाही. मालकांना दोन प्रश्न विचारतो. तुमचा ग्राहक तुमच्याकडे येण्यापूर्वी कुठे असतो, आणि तुमच्याकडून निघाल्यावर कुठे जातो? या बागायतदारांची उत्तरे सरळ होती: बरेच लोक नाशिक रोड स्थानकावरून टॅक्सीने येतात, आदल्या दिवशी त्र्यंबकेश्वराचे दर्शन घेऊन आलेले असतात, आणि परतताना कुणाला वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला, तर कुणाला पैठणी घ्यायला येवल्याला जायचे असते. एक टॅक्सीचालक, त्र्यंबकेश्वरातील एक लॉज आणि येवल्यातील एक विणकर कुटुंब, एवढ्यांशीच देवाणघेवाण झाली. लिंक ‘पार्टनर’ पानावर टाकल्या नाहीत. ‘आमच्याकडे कसे यावे’ आणि ‘आसपास काय पाहावे’ या पानांत, वाचणाऱ्याला जिथे ती माहिती हवी असते तिथे, पूर्ण वाक्यात दिल्या. या लिंकवरून येणारे लोक संख्येने थोडे आहेत, परंतु ते पान वाचतात आणि फोन करतात.

डिसअव्हाऊ फाइलबद्दल इथेच सांगतो. मॅन्युअल ॲक्शन नसताना, केवळ अहवालात चार विचित्र नावे दिसली म्हणून ती वापरू नये. निरर्थक लिंककडे गुगल बहुतेक वेळा आपोआप दुर्लक्ष करते, आणि घाबरून भरलेल्या फाइलमध्ये चांगली डोमेनही जातात.

लिंक लागली की तिकडे पुन्हा न पाहणे

दुसरी चूक दिसायला किरकोळ आहे, परंतु तिच्यामुळे होणारे नुकसान बरेच दिवस लक्षात येत नाही. समोरच्याने लिंक लावल्याचा स्क्रीनशॉट पाठवला की मालक समाधानी होतात. काही महिन्यांनी समोरची वेबसाइट नव्या थीमवर जाते, जुने पान उडते, आणि आपली लिंक गेलेली असते. आपण मात्र त्यांची लिंक जपून ठेवलेली असते. कधी लिंक जागेवर असते, पण तिला नोफॉलोची खूण जोडलेली असते. ही लिंक आमची शिफारस समजू नका, असे सर्च इंजिनला सांगणारी ही खूण 2005 पासून आहे. तिच्यावरूनही माणसे येतात, म्हणून आधी मोकळेपणाने सांगून लावलेल्या नोफॉलोला माझी हरकत नसते. बोलणे झाल्यानंतर गुपचूप लावणाऱ्याशी मात्र मी पुढे व्यवहार ठेवत नाही.

तपासण्याची माझी रीत साधी आहे. पान ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडायचे, कंट्रोल आणि यू दाबून त्याचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, पाहायचा आणि त्यात आपले डोमेन शोधायचे. डोमेन सापडले की त्याच टॅगमध्ये, म्हणजे त्याच कंसात, ‘रेल’ (rel) या शब्दापुढे काय लिहिले आहे ते वाचायचे; नोफॉलो (nofollow) असेल तर तिथेच दिसते. सोर्सच्या वरच्या भागात नोइंडेक्स (noindex) लिहिले असेल तर ते पान शोधात दिसणारच नाही, म्हणून तेही पाहायचे. शेवटी त्या वेबसाइटच्या मुख्य पानापासून क्लिक करत करत आपल्या लिंकपर्यंत पोहोचता येते का, ते पाहायचे. मला जिथे पोहोचता येत नाही तिथे ग्राहक कसा पोहोचणार? दर महिन्याच्या सुरुवातीला एक साधी तक्ता फाइल उघडून हे काम उरकते. ते आपोआप करणारी साधने आहेत, परंतु समोरच्याचे पान स्वतः वाचले की त्यांचा व्यवसाय बदलला, बंद पडला किंवा विकला गेला हेही कळते, आणि ते कळणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

एकच ईमेल शंभर जणांना

‘आदरणीय वेबमास्टर, आम्हाला तुमची वेबसाइट फार आवडली’ असे लिहिणाऱ्याने वेबसाइट उघडूनही पाहिलेली नसते, हे पहिल्या ओळीतच कळते. येवल्याच्या विणकराला ईमेल पाठवून उत्तराची वाट पाहण्यापेक्षा फोन करावा, शक्य असेल तर त्यांच्या दुकानी जाऊन बसावे. ‘दादा, तुमच्या पैठणीच्या पानावर आमच्याकडून लोक पाठवतो, तुमच्याकडे नाशिकला मुक्कामाचे कुणी विचारले तर आमचे पान दाखवा,’ एवढे बोलणे पुरते. नवशिक्यांना हे संथ वाटते. त्यांना आठवड्यात आलेख वर गेलेला हवा असतो, परंतु अशा ओळखीतून लागलेल्या लिंक वर्षानुवर्षे जागेवर राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

थोडक्यात सांगण्याजोग्या चुका

‘अ’ने ‘ब’ला, ‘ब’ने ‘क’ला आणि ‘क’ने ‘अ’ला लिंक देण्याची तिहेरी युक्ती पकडली जात नाही, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. फुटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीत, लिंक टाकली की ती वेबसाइटच्या प्रत्येक पानावर उमटते, ते टाळावे. वेबसाइटचे वजन सांगणारा डोमेन ऑथॉरिटी हा आकडा मॉझ या कंपनीचा आहे, गुगलचा नव्हे. त्यावरून जोडीदार निवडू नये. लिंकसाठी पैसे दिले-घेतले असतील तर तिला 2019 पासून उपलब्ध असलेली ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावावी. ज्या शब्दांवर क्लिक होते ते लिंकचे शब्द समोरच्यांना त्यांच्या भाषेत लिहू द्यावेत.

आणि लिंक मराठी पानावरून येत असेल तर ती आपल्या मराठी पानावरच न्यावी. मराठीत वाचत आलेला माणूस अचानक इंग्रजी मुख्य पानावर पडला की बहुधा तिथूनच मागे फिरतो. मराठी पान नसेल तर देवाणघेवाणीचे बोलणे करण्याआधी ते तयार करावे, आणि त्यावर यंदाचे दर, मुक्कामाच्या तारखा आणि बोट लावताच लागणारा फोन नंबर असावा.