मामारी फळीवरच्या रात्री कशा मोजाव्यात

मी 27 वर्षं पंचांगाची प्रुफं तपासली. क्षय तिथी सुटली की बोलणी खायची, त्यामुळे कुठेही चंद्रकोरींची रांग दिसली की बोट आपोआप मोजायला लागतं. निवृत्तीनंतर हे बोट पॅसिफिक महासागरातल्या रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटाच्या ‘मामारी’ या कोरीव लाकडी फळीवर फिरवलं. तिच्यावरची रोंगोरोंगो लिपी आजवर कुणाला वाचता आलेली नाही. पण तिच्या एका भागात चांद्रमास आहे, हे जर्मन अभ्यासक थॉमस बार्थेल यांनी 1958 मध्ये दाखवलं. फळीचं लाकूड आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या भेंडीच्या झाडाचं (भाजीची भेंडी नव्हे), हे कळल्यावर तर मी तिला घरचीच मानतो.

पहिल्या बाजूच्या ओळी 6 ते 9 छापून घ्या. ओळ संपली की कागद अर्धा फिरवा, म्हणजे उलटी दिसणारी पुढची ओळ सुलटी होते. मी पहिल्यांदा सवयीने वरून खाली वाचत गेलो. एकाआड एक ओळीतली माणसं डोक्यावर उभी! दोष दिला छपाईला.

आता पेन्सिलीने फक्त कोरींवर टिंब द्या. बाकी चित्रांचे अर्थ लावू नका. ‘हा पक्षी, म्हणजे पाऊस’ असं सुरू झालं की काम बिघडलंच. कोरींच्या गटांमध्ये चिन्हांचा एक ठरावीक झुबका पुन्हा पुन्हा येतो, त्याला चौकट करा. त्यातला मासा नीट बघा. शुक्ल पक्षात त्याचं डोकं वर, कृष्ण पक्षात खाली. मला हे कळायला दोन संध्याकाळी लागल्या.

मधे एक बसलेली आकृती येते, ती पौर्णिमा. बेटावर तिला ‘ओमोतोही’ म्हणतात. आपल्याला चंद्रात ससा दिसतो, तिथे आकाशात चूल पेटवणारी म्हातारी. आकृती तिचीच असावी, असा अंदाज आहे.

मग बेटावर नोंदवलेली रात्रींची नावं शेजारी लिहा. पौर्णिमेआधी ‘कोकोरे’ एक ते सहा, नंतर पुन्हा एक ते पाच. तुमचे कोरींचे गट या नावांशी जुळवून बघा. मूळ रात्री 28 भरतात; महिना लांबला तर दोन जादा रात्रींची सोय आहे. वृद्धी तिथीची आठवण झालीच.

सौर वर्ष मात्र इथे शोधू नका. आणि दुसऱ्या फळीवर एखादी सुटी कोर दिसली, तर तिला तिथी म्हणण्याआधी तो झुबका आणि मासा आजूबाजूला आहेत का, ते पाहा.