पॅरी ऐच्छिक की सक्तीची, हे आधी ठरवा

आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम) बनवताना पॅरी (शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवणं), पोशन (ताकद भरून काढणारं औषध), एलिमेंटल कमजोरी (आग, बर्फ अशा ठरावीक माऱ्याने शत्रूला जास्त इजा होणं) असं काहीही घातलंत, की बॉसचा, म्हणजे मोठ्या शत्रूचा, हेल्थ बार (किती मार सोसेल ते दाखवणारी पट्टी) ठरवण्याआधी एक चाचणी घ्या: ते मेकॅनिक (खेळातली ती सोय) पूर्ण बंद ठेवून तीच लढाई खेळा. वेळ जास्त लागला पण जिंकलात, तर ते खरंच ऐच्छिक. जिंकणं अशक्यच झालं, तर ट्युटोरियलमध्ये काहीही लिहा, ते सक्तीचंच आहे; मग ते सुरुवातीलाच, सौम्य शत्रूवर शिकवायला हवं. ‘डार्क सोल्स’ हा गेम एकही पॅरी न करता, ढाल नि रोलवर (लोळण घेऊन वार चुकवण्यावर) संपवता येतो. २०१९ च्या ‘सेकिरो’त मात्र तलवारीने वार परतवणं हाच लढाईचा कणा, म्हणून सरावासाठी न मरणारा हानबेई मंदिराबाहेर उभा केलाय.

खरी गोची मधल्या प्रकारात. म्हणायला ऐच्छिक, पण फायदा एवढा की न वापरणारा वेडा ठरतो. थोडं जादा डॅमेज (शत्रूला होणारी इजा) चालेल, दुप्पट नको. दुप्पट दिलंत की टेस्टर बॉस सोपा म्हणतात, तुम्ही त्याचं हेल्थ वाढवता आणि ते मेकॅनिक न वापरणारा साधा खेळाडू तिथेच अडकतो. (मीही हे केलंय.) बक्षीस द्यायचंच तर वेळ किंवा औषधं वाचवणारं द्या.