कापसाचे पैसे यायच्या आधी वही काढा

दिवाळी झाली की आमच्या खान्देशातल्या शहादा भागात कापसाच्या गाड्या भरायला लागतात आणि रविवारी उपासना सुटली की कोणी ना कोणी पाळकांना गाठून विचारतोच की पास्टर, दशांश, म्हणजे देवाला द्यायचा दहावा हिस्सा, कशावर काढायचा, पूर्ण पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या सगळ्या रकमेवर, का हातात उरेल त्यावर. पास्टर बिचारे "मनापासून द्या" म्हणतात आणि चहाकडे वळतात. मी काही पास्टर नाही, साडेचार एकराचा शेतकरी आहे, पण चर्चच्या पंचकमिटीत बरीच वर्षं खजिनदारी केलीय त्यामुळे लोकांच्या पाकिटाची सवय कळते, माझ्याही. तर पैसा आल्यावर ख्रिस्ती घरानं कसं बसायचं हे आम्ही ठेचकाळत ठेचकाळत जसं शिकलो तसं लिहितोय, ज्याला पटेल त्यानं घ्या.

सगळ्यात आधी वेळ. वही पैसे यायच्या आधी काढायची, आल्यावर नाही. माझी आजी अहिराणीत म्हणायची, "पैसा उना का मानूस फिरी जास," आणि बायबलमधल्या यिर्मयाच्या १७ व्या अध्यायात हृदय सगळ्यात कपटी आहे असं जे लिहिलंय ते आम्ही कायम भाऊबंदांना लावत आलो, स्वतःला लावायचं असतं हे फार उशिरा कळलं. मोबाईलवर बँकेचा मेसेज वाजला की मनातला वकील उभाच राहतो, आधी ट्रॅक्टरचा हप्ता, मग पोरीचं लग्न, मग छताचं काम, मग देव, आणि त्याच्यानंतर उरलं तर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. मेसेज यायच्या आदल्या रात्री हाच वकील जरा झोपेत असतो, तेवढ्यात लिहून घ्यायचं.

आमच्याकडे गाडी जिनिंगला जायची असते त्याच्या आदल्या रात्री सगळे बसतो, बायको, मी, दोन्ही पोरं. पोरांना बसवाच, त्यांना घरात पैसा कसा येतो नि कुठं जातो हे माहीत नसलं की मग मोठेपणी गाडी मागतात. प्रार्थना छोटी करा नाहीतर पोरं पेंगतात. नीतिसूत्रे ३० मधलं आगूर नावाच्या माणसाचं मागणं वाचतो, मला गरिबी नको आणि श्रीमंती पण नको, पोट भरेल एवढं दे, जास्त झालं तर मी देव कोण म्हणेन आणि कमी पडलं तर चोरी करेन. म्हणजे त्या माणसाला दोन्ही बाजूंनी स्वतःचा भरवसा नव्हता, आणि मला तरी हे फार खरं वाटतं.

आता हिशोब. समजा २० क्विंटल कापूस, भाव ७,००० धरला तर १,४०,००० झाले. बियाणं, खत, फवारणी, निंदणी, वेचणी, गाडीभाडं मिळून ८२,००० गेले धरा, हातात ५८,०००. या ५८ वर लगेच रेघ मारू नका, त्याच्या वर एक ओळ लिहा, माझ्याकडे कोणाचं अडकलंय. वेचणीवाल्या बायांचा एखादा आठवडा राहिला असेल, किराणावाला असेल, आणि सालदार. लेवीय १९ मध्ये मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको असं आहे, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात सूर्य मावळायच्या आत दे म्हटलंय, आणि याकोब ५ तर अजून पुढं जातो, दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानापर्यंत जाते म्हणे. तुमच्या दशांशाची पावती तिथं त्या मजुरीच्या आधी पोचत नाही एवढं धरून चला.

हे मी छातीठोक सांगतोय कारण मी हे चुकलोय. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं नि आखाजीलाच नवीन लागतं, हे सगळ्या खान्देशाला माहितीय. एका वर्षी आमचा सालदार तापानं अकरा दिवस घरी होता, मी हिशोबात ते अकरा दिवस कापले आणि त्याच महिन्यात तालुक्याच्या मोठ्या सभेला भरघोस अर्पण दिलं, माईकवर नाव वाचलं गेलं, मला लई बरं वाटलं. आखाजीला तो ओट्यावर बसून नोटा मोजत होता, एकदा मोजल्या, परत मोजल्या, माझ्याकडे पाहिलं नाही, रुमालात बांधल्या, रुमालाला दोन गाठी मारल्या आणि "येतो भाऊ" म्हणून निघाला. नवीन साल दुसऱ्याकडे धरलं त्यानं. मत्तय २३ मध्ये येशू परुश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी लोकांना, म्हणतो की पुदिना, शेप, जिऱ्याचा दशमांश देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता, ते जिरं मोजून देणारा मीच होतो. नंतर त्याच्या घरी जाऊन पैसे दिले, बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदारानं लुबाडलेले चौपट परत करतो म्हटलं होतं, माझ्याच्यानं दुप्पट झाले. त्यानं घेतले पण चहा काही विचारला नाही, आणि बरोबरच केलं.

देणी निघाली की मग दशांश. पट्टीवर का उरलेल्यावर? माझं मत, उरलेल्यावर, म्हणजे वरच्या हिशोबात ५,८००, कारण खताचे पैसे हे माझं उत्पन्न नाही, ते दुकानदाराचे. पण घरी खायला ठेवलेली दादर (ज्वारी), तूर, मूग हे पण धरा, ते लोक सोयीनं विसरतात. नोकरीवाल्यांचं सोपं आहे, त्यांनी उगाच शेतकऱ्याला शिकवू नये. मलाखी ३ दाखवून, दशमांश न देणं म्हणजे देवाला लुबाडणं असं म्हणून कोणी घाबरवलं तर त्याला अनुवाद १४ पण उघडायला सांगा, तिथं दशमांशाची मजाच आहे, लांब राहणाऱ्यानं तो विकून पैसे न्यायचे, देवाच्या ठिकाणी जाऊन जे मनाला येईल ते घ्यायचं आणि घरच्यांसोबत आनंदानं खायचं, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा, लेवी (देवाच्या सेवेतले लोक), परका, अनाथ, विधवा यांच्यासाठी. नव्या करारात प्रेषित पौल टक्का सांगतच नाही, १ करिंथ १६ मध्ये मिळकतीप्रमाणे दर आठवड्याला बाजूला काढून ठेवा म्हणतो, आणि २ करिंथ ९ मध्ये कुरकुरत देऊ नका. दहा टक्के हा सुरुवातीचा खुंटा म्हणून चांगला आहे, ज्याला जास्त होतं त्यानं तिथंच बांधून राहू नये.

आणि ज्या साली उरतच नाही? २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते आठवतंय ना, बोंड फोडलं की आत किडकं, आमचा खर्च पण निघाला नव्हता. त्या साली आम्ही दादरचं एक पायलीभर गाठोडं नेलं, बस. गरीब घराला विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे तिनं दानपेटीत टाकलेल्या शेवटच्या दोन नाण्यांची, गोष्ट सांगून पिळणारे भेटतात, त्यांनी मार्क १२ दोन ओळी वरून वाचावा, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशू तिथंच बोललाय, आणि लगेच ती विधवा येते.

हाच प्रकार "बीज पेरा, शंभरपट मिळेल" वाल्यांचा. एका तंबूच्या सभेत माझ्या शेजारच्या माणसानं फवारणी पंपासाठी आणलेले पैसे थैलीत टाकले, स्टेजवरून तीनदा सांगितलं म्हणून. पुढच्या आठवड्यात तो माझाच पंप मागायला आला, आणि मी दिला, तर त्याचं शंभरपट म्हणजे मीच का काय भो! शंभरपटीचं वचन मार्क १० मध्ये आहे खरं, पण त्याच वाक्यात "छळासह" पण आहे, ते स्टेजवर कोणी वाचत नाही. पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता. सेवकाला मान द्या, मानधन द्या, पण जो तुमच्या गरजेवर भाव लावतो त्याच्यासमोर खिशाला हात लावू नका, घरी येऊन वहीत बघा आणि मग ठरवा.

कापणीच्या सणाचा लिलाव हा अजून एक खड्डा. उपासना झाली की कोंबडी, अंडी, पपई, डांगर सगळं बोलीला निघतं, चांगली प्रथा आहे, मंडळीचा खर्च निघतो. पण एका वर्षी मी आणि माझा चुलतभाऊ एका डांगरावर भिडलो, आमची बांधावरून आधीच कुरबुर होती, दीडशेपासून अकराशेवर नेलं मी, टाळ्या पडल्या, बायकोनं कपाळाला हात लावला. डांगर आठवडाभर खाल्लं आणि अकराशे रुपये नाताळापर्यंत दिले नाहीत, खजिनदार मीच होतो ना, मला कोण विचारणार. प्रेषितांची कृत्ये ५ मधली हनन्या-सप्पीरेची गोष्ट नीट वाचा, या नवरा-बायकोनं जमीन विकून थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे दिल्याचं भासवलं, पेत्र हनन्याला सरळ म्हणतो की जमीन तुझीच होती, पैसे पण तुझ्याच हातात होते, खोटं का बोललास. कमी देणं हा त्यांचा गुन्हा नव्हता, दिल्याचा देखावा होता. तेव्हापासून आमच्या वहीत लिलावाचा आकडा आधीच लिहिलेला असतो, ३००, आणि पैसे तिथंच रोख.

घरखर्चाची मर्यादा पण आधीच लिहून टाका. जॉन वेस्ली या १८ व्या शतकातल्या इंग्रज प्रचारकानं ऑक्सफर्डच्या एका तरुणाचं सांगितलंय, बहुतेक लोक म्हणतात तो स्वतःच, वर्षाला ३० पौंड मिळायचे तेव्हा २८ मध्ये भागवून २ द्यायचा, ६० झाले तरी खर्च २८ आणि ३२ दान, पुढं ९०, १२० झाले तरी खर्च २८ च. आपल्याला एवढं जमणार नाही, पोरांच्या फिया वाढतात, पण भाव चढला त्या साली खर्चाचा आकडा आपोआप चढू द्यायचा नाही एवढं तर जमतं.

बचत पाप आहे का असं एकानं विचारलं होतं. उत्पत्ती ४१ मध्ये योसेफानं सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठवला आणि सगळा देश जगला, त्यामुळे बिनधास्त साठवा. लूक १२ मधला श्रीमंत, जो मोठी कोठारं बांधायचं ठरवतो आणि त्याच रात्री मरतो, अडकला तो बोलण्यात, त्याचं बोलणं मोजा, माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, शेजारीपाजारी कोणी नाहीच त्यात. २००६ च्या फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या पुरल्या, शेडच्या शेड रिकामे झाले, तेव्हा ही गोष्ट मला पहिल्यांदा पोटातून कळली.

राहिला सण-समारंभाचा खर्च. बाप्तिस्मा घेतला म्हणजे खान्देश सोडला असं नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्तासाठी अभंगच लिहिले, आपल्या धरणगावचे बालकवी त्यांच्या घरी राहत होते. आखाजीला आमची लेक येते, लिंबाला झोका बांधतो, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते, त्याचे पैसे वहीत बिनधास्त लिहितो. पत्त्यांच्या डावाला मात्र नाही. लग्नाचं म्हणाल तर चर्चमधला विधी तासाभराचा, आणि हळद, डीजे, मांडव यांनी तीन हंगाम खाल्लेले मी पाहिलेत. आम्ही थोरल्या पोरीच्या वेळी यादीतल्या प्रत्येक खर्चासमोर कोणासाठी ते लिहिलं, पोरीसाठी, पाहुण्यांसाठी, का चुलत्यांना दाखवायला. तिसऱ्या खान्यातलं सगळं कापलं, डीजे त्यातच होता. चुलते अजून बोलतात.

शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीला जो थोडा कापूस राहतो तो आम्ही ओरबाडत नाही, भुईमुगाचं पण तसंच, सरवा वेचायला बाया येतात त्यांना येऊ देतो. बायबलमधली विधवा रूथ अशाच सरव्यावर जगली. हे वहीत लिहायचं नसतं.

आणि वही म्हणजे वहीच घ्या, दहा रुपयांची चालेल. आम्ही दोन वर्षं कॅलेंडरच्या मागच्या पानांवर लिहीत होतो, जानेवारीत बायकोनं नवीन कॅलेंडर लावलं आणि जुनी दोन्ही भंगारवाल्याला रद्दीत दिली, डांगराच्या हिशोबासकट.