खोली निवडण्याआधी पॉलिसी उघडा
नाशकात मुंबई नाक्याला असो की गंगापूर रोडला, पेशंट ॲडमिट करताना काउंटरवर विचारतात, "रूम कोणती?" उत्तर देण्याआधी पॉलिसीतली रूम रेंटची मर्यादा बघा. ५ लाखांच्या विम्यावर ती १ टक्का असेल, तर रोजचे ५,००० रुपये. ८,०००ची डिलक्स घेतली तर वरचे ३,००० तेवढे खिशातून जातील, असं वाटतं. पण खोलीनुसार दर बदलणाऱ्या हॉस्पिटलात सर्जनची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग यांनाही त्याच प्रमाणात, म्हणजे ८,०००ला ५,००० अशी, कात्री लागू शकते: या खर्चाच्या १,६०,०००चे १,००,०००च धरले जातात! औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चाला मात्र ही कात्री लावता येत नाही. लावली असेल तर लेखी हिशेब मागा. (को-पेमेंट, म्हणजे बिलाचा ठरलेला हिस्सा स्वतः भरायची अट, असेल तर ते वेगळंच.) नवी पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, म्हणून हे कलम तेव्हाच वाचून घ्या.