कॉन्टॅक्ट शीट एकसारखी कशी आली: माझा अनुभव

कॉन्टॅक्ट शीट म्हणजे एका रोलच्या निगेटिव्ह थेट फोटो-कागदावर ठेवून छापलेलं पान. माझ्या शीटमध्ये कडेच्या फ्रेम खणखणीत आणि मधल्या पुसट यायच्या. फोकसचा इथे संबंधच नाही. निगेटिव्ह कागदाला चिकटून बसत नव्हती, एवढंच. निगेटिव्ह दाबायला वापरत होतो ती फोटोफ्रेममधली पातळ काच काढून कडा घासलेली ६ मिमी जाडीची काच घेतली आणि कागदाखाली फोमचा तुकडा ठेवला. निगेटिव्हची निस्तेज बाजू कागदाच्या चकचकीत बाजूवर. पुसटपणा गेला.

मग कागदावर किती वेळ प्रकाश द्यायचा, याचा घोळ. एन्लार्जरची (कागदावर प्रकाश टाकणाऱ्या यंत्राची) उंची कायम केली, खांबावर टेपची खूण, लेन्स एफ-८, कॉन्ट्रास्ट ठरवणारा फिल्टर ग्रेड २. टेस्ट स्ट्रिपवर (वेगवेगळा वेळ प्रकाश दिलेल्या कागदाच्या पट्टीवर) फिल्मचा कोरा काठ आणि भोकांमधला उघडा कागद जिथे जवळपास सारखेच काळे होतात, ती सगळ्यांत कमी वेळ पकडायची. डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, पूर्ण एक मिनिट. घाईने बाहेर काढलेल्या शीटवर विश्वास ठेवू नये. तीच वेळ प्रत्येक रोलला.

आता शीट खरं बोलते. माझ्या एचपी-५ फिल्मच्या फ्रेम सगळ्याच अंधाऱ्या आल्या, म्हणजे निगेटिव्ह पातळ, फिल्मला प्रकाश कमी पडलेला. लाइट मीटरवर फिल्मचा वेग (आयएसओ) ४०० ऐवजी २५० लावला आणि सावलीत तपशील दिसू लागला.

एक किरकोळ वैताग: सहा-सहा फ्रेमच्या सहा पट्ट्या शेजारी ठेवल्या की २१० मिमी होतात, ८×१० इंची कागदाची रुंदी २०३ मिमी. मी पाच-पाचच्या सात पट्ट्या कापतो. छत्तिसावी फ्रेम राहते, राहू दे.