स्पेनमधलं विद्यापीठ निवडताना: फी भरण्याआधी

बहिणीची मुलगी पुढच्या वर्षी मास्टर्ससाठी स्पेनला जायचं म्हणतेय. परवा तिनं विद्यापीठांचा तक्ता पाठवला. नऊ नावं, प्रत्येकापुढे शहर, फी, खोलीभाडं, थंडी किती, विमानतळ किती लांब. मेहनतीनं केलेला तक्ता. पण मला जो रकाना पाहायचा होता, तोच त्यात नव्हता. मी गेले तेव्हा माझ्याही वहीत तो नव्हता, आणि त्यापायी माझं एक अख्खं वर्ष गेलं. म्हणून तिला जे फोनवर सांगितलं, ते सगळ्यांसाठी इथे लिहितेय.

तो रकाना असा: ही पदवी ‘ओफिसियाल’, म्हणजे सरकारमान्य, आहे का?

विद्यापीठ सरकारी आहे का, जुनं आहे का, नावाजलेलं आहे का, हे मी विचारत नाहीये. पदवीबद्दल विचारतेय. स्पेनमध्ये एकच विद्यापीठ दोन प्रकारचे मास्टर्स चालवतं. एक ‘मास्तेर उनिवेर्सितारियो’: याचा अभ्यासक्रम बाहेरची मूल्यमापन संस्था तपासते, सरकार मान्यता देतं, सरकारी नोंदवहीत त्याचं नाव चढतं. दुसरा ‘तीतुलो प्रोपियो’, म्हणजे विद्यापीठानं स्वतःच्या अधिकारात दिलेली पदवी. २०२१ च्या नव्या नियमांपासून यातल्या मास्टर्सना ‘मास्तेर दे फोर्मासियोन पेर्मानेंते’ म्हणतात. इमारत तीच, क्रेडिट तेच ६०, कित्येकदा शिकवणारे प्राध्यापकसुद्धा तेच. शिकवणं वाईट असतं असंही नाही, मला तर फार चांगलं शिकवलं. पण त्या पदवीच्या जोरावर पीएच.डी.ला प्रवेश मिळत नाही. तिथे पदवी आणि मास्टर्स मिळून ३०० क्रेडिट लागतात आणि तेही ओफिसियाल शिक्षणातले.

मला हे कळलं ते पीएच.डी.च्या प्रवेशाच्या खिडकीवर. तिथल्या बाईंनी माझं प्रमाणपत्र हातात घेतलं आणि फक्त सर्वांत वरची ओळ वाचली. ओफिसियाल पदवी राजाच्या नावानं दिली जाते. वर फेलिपे सहावे यांचं नाव असतं आणि त्यांच्या वतीनं कुलगुरू पदवी देतात. माझ्या कागदावर सुरुवातच कुलगुरूंपासून होती. बाईंनी कागद अलगद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “एस प्रोपियो.” एवढंच. मी पुन्हा पहिल्यापासून दुसरं मास्टर्स केलं. पुन्हा ६० क्रेडिट, पुन्हा फी, आणि बाबांनी मुदत ठेव मोडली ती वेगळीच.

तेव्हा हे नीट करा. स्पेनच्या विद्यापीठ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विद्यापीठं, केंद्रं आणि पदव्यांची नोंदवही आहे, तिला ‘आर-यू-सी-टी’ म्हणतात. कोणालाही बघता येते, पैसे पडत नाहीत. त्यात विद्यापीठाचं नाव घाला, पदवीचं नाव घाला, आणि माहितीपत्रकात छापलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. ‘साधारण तेच दिसतंय’ यावर थांबू नका. ‘उनिवेर्सितारियो’ हा शब्द नावात नसेल तर तिथेच कान टवकारा. मग विद्यापीठाच्या ‘सेक्रेतारिया’ला, म्हणजे कचेरीला, मेल करून दोनच प्रश्न विचारा: “एस उन तीतुलो ओफिसियाल? दा आक्सेसो आल दोक्तोरादो?” म्हणजे, ही पदवी ओफिसियाल आहे का, आणि तिच्यावर पीएच.डी.ला प्रवेश मिळतो का? उत्तर लेखी घ्या. एजंटच्या तोंडच्या ‘हो हो, रेकग्नाइज्ड आहे’वर एक रुपयाही भरू नका. पुढे भारतात येऊन समकक्षता मागाल, तेव्हाही ही पदवी तिच्या मायदेशात मान्य आहे का, इथूनच सुरुवात होईल.

आता बाकीचं.

भाषा. स्पॅनिश येतं म्हणून स्पेनमधल्या कुठल्याही वर्गात बसता येईल, असं नाही. बार्सेलोनात बरेच तास कातालानमध्ये होतात. वालेन्सियात वालेन्सियानो, सांतियागोला गालिसियन, बिल्बाओकडे बास्क. अमुक विषय कुठल्या भाषेत शिकवतात हे त्या विषयाच्या ‘गिया दोसेंते’त, म्हणजे माहितीपुस्तिकेत, लिहिलेलं असतं. प्रत्येक विषयाची वेगळी उघडून वाचा, हजेरी सक्तीची आहे का आणि गुण कसे देतात हेही तिथेच सापडतं. दक्षिणेकडे, अंदालुसियात, भाषा स्पॅनिशच असते, पण शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात. ‘मास ओ मेनोस’चं (म्हणजे ‘कमी-जास्त’) ‘मा ओ मेनो’ होतं. पुण्यात क्लासमध्ये सीडीवर ऐकलेलं स्पॅनिश घेऊन मी तिथे गेले, तर पहिला महिना वहीत निम्म्या ओळी रिकाम्या. म्हणून त्या दक्षिणेला नाकारू नका. जायच्या आधी दोन महिने तिकडचा रेडिओ लावून ठेवा. बोलायला आपल्याला सोपं जातं, त्यांचे ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत. स्पॅनिशमधून शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला बहुतेक ठिकाणी बी-टू पातळी मागतात. ‘देले’ परीक्षेच्या प्रमाणपत्राला मुदत नाही, ‘सिएले’ या दुसऱ्या परीक्षेचं ५ वर्षं चालतं.

फी. सरकारी विद्यापीठांचे दर प्रत्येक स्वायत्त प्रांत ठरवतो, दर क्रेडिटमागे. त्यामुळे एकाच विषयाचं मास्टर्स अंदालुसियात स्वस्त आणि माद्रिद-बार्सेलोनात बरंच महाग पडू शकतं. काही ठिकाणी युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना वेगळा, चढा दर असतो, तर फी विचारताना ‘एक्स्त्राकोमुनितारियो’ हा शब्द घालूनच विचारा. नापास झालेला विषय दुसऱ्यांदा घेतला तर क्रेडिटचा दर वाढतो. आणि एक लक्षात ठेवा, माझ्या ‘प्रोपियो’ची फी नंतरच्या ओफिसियालपेक्षा जास्त होती. महाग म्हणजे मान्यताप्राप्त, असं धरून चालू नका. नोंदवही बघा.

तीन वर्षांची पदवी. आपली बी.ए., बी.कॉम. तीन वर्षांची, त्यांची ‘ग्रादो’ बहुतेक चार वर्षांची, २४० क्रेडिटची. नियम असा की तुमच्या देशात ज्या पदवीवर मास्टर्सला प्रवेश मिळतो, तिच्यावर तिथेही अर्ज करता येतो, पण निर्णय विद्यापीठ घेतं. आधी विचारा. आपले टक्के त्यांच्या शून्य ते दहाच्या मापात बसवायला मंत्रालयाचा ऑनलाइन फॉर्म आहे, तो भरून त्याची पावती ठेवा.

अर्ज. अंदालुसियातल्या सगळ्या सरकारी विद्यापीठांच्या मास्टर्ससाठी एकच सामाईक अर्ज असतो आणि तो टप्प्याटप्प्यानं उघडतो. पहिला टप्पा परदेशी पदवी असणाऱ्यांसाठी, तोही हिवाळ्यातच. ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांचा हा टप्पा हातातून जातो. फॉर्ममध्ये नाव भरताना सावध राहा. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, म्हणून फॉर्ममध्ये दोन रकाने असतात. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. मी पहिल्या आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव लिहिलं आणि वर्षभर सगळ्या कचेऱ्यांत बाबांच्या नावानं हाक ऐकली. पासपोर्टवर आडनाव म्हणून जे छापलंय तेच पहिल्या रकान्यात, दुसरा रिकामा.

कागदपत्रं. पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रिकांवर आधी राज्याचं साक्षांकन, मग आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मारलेला शिक्का), आणि त्यानंतरच स्पॅनिश भाषांतर. हा क्रम उलटा करू नका, कारण अपोस्टिलच्या शिक्क्याचंही भाषांतर लागतं. भाषांतर स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयानं नेमलेल्या ‘त्रादुक्तोर खुरादो’कडूनच करून घ्या. क्लासच्या सरांनी कितीही सुंदर करून दिलं तरी ते चालत नाही.

प्रवेशपत्र आलं? थांबा. त्यावर पदवीचं नाव काय छापलंय ते वाचा आणि पुन्हा नोंदवही उघडून जुळवा. माझ्या ओळखीच्या एका मुलानं अर्ज ओफिसियालला केला होता. जागा भरल्या म्हणून त्याला त्याच विषयाच्या ‘प्रोपियो’त जागा देऊ केली आणि त्यानं ती आनंदानं घेतली. नाव दोन शब्दांनीच वेगळं होतं. फी भरायच्या आधी वाचा.

व्हिसा. पोलिसांचा दाखला, वैद्यकीय दाखला, पैशांचा पुरावा. पैशांचं माप ‘इप्रेम’ नावाच्या सरकारी आकड्यावर ठरतं. २०२३ पासून तो महिना ६०० युरो धरला जातो, अर्ज करताना पुन्हा बघा. विमा स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचा घ्या, आणि ‘सिन कोपागो’, म्हणजे उपचाराच्या वेळी खिशातून काही भरावं लागू नये असा. प्रवासी विमा चालत नाही.

पोहोचल्यावर नगरपालिकेत पत्त्याची नोंद करा, तिला ‘एम्पाद्रोनामियेंतो’ म्हणतात. महिन्याच्या आत ओळखपत्रासाठी अर्ज. वेळ आगाऊ घ्यावी लागते आणि ती सहज मिळत नाही, म्हणून उतरल्याच्या दिवसापासून बघत राहा. घरमालकाला अनामत देताना करार घ्या. ऑगस्टमध्ये कचेऱ्यांची कामं काढू नका, अर्धा देश सुट्टीवर असतो. सामानाचं काय, सगळं मिळतं. कुकर मात्र स्टीलचा न्या. माझा ॲल्युमिनियमचा होता, खोलीतली शेगडी इंडक्शनची निघाली आणि तो तापलाच नाही.