उताराच्या जागेवर घर बांधताना

आर्किटेक्टकडे पहिल्यांदा जाताना आवडलेल्या घरांच्या फोटोंपेक्षा जागेचा कंटूर सर्व्हे, म्हणजे जमिनीचे चढ-उतार दाखवणारा नकाशा, सोबत न्या. त्यात उंचीच्या अर्ध्या मीटरच्या फरकाने पातळीरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, हव्यात. प्रत्येक मोठं झाड बुंध्याच्या व्यासासह, उघडा खडक आणि पावसाचं पाणी कुठून उतरतं तेही नोंदवून घ्या.

उतार 1:10 असेल आणि उताराच्या दिशेने घर 12 मीटर असेल, तर पुढच्या-मागच्या पातळीत 1.2 मीटरचा फरक पडतो. मग वरची बाजू खोदून ती माती खाली टाकायचा मोह होतो. जागा सपाट होते, पण अर्धं घर मूळ जमिनीवर आणि अर्धं भरावावर बसतं. भराव दबत राहतो, मूळ जमीन तितकी दबत नाही आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. म्हणून घराची लांब बाजू पातळीरेषांना समांतर ठेवा. रुंदी 7 मीटर झाली की फरक 70 सेंटिमीटरवर येतो. साडेसतरा सेंटिमीटरच्या चार पायऱ्या घरातच दिल्या की तो मिटला! पाया मात्र सगळीकडे मूळ जमिनीतच गेला पाहिजे.

झाडाच्या बुंध्याचा व्यास छातीच्या उंचीवर मोजा. त्याच्या 12 पट त्रिज्येत खोदाई, भराव, ट्रक काहीच नको. 40 सेंटिमीटरच्या झाडाला 4.8 मीटर सोडावे लागतात. नुसती माती चढवली तरी मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच वाळत नाही, त्यामुळे कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

वरून येणारं पाणी घराच्या मागे चर काढून बाजूने वळवा. भिंतीलगतच्या पहिल्या 3 मीटरमध्ये जमिनीला बाहेरच्या बाजूला 15 सेंटिमीटर उतार द्या. रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवून धरणारी भिंत, बहुधा मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने पुढे झुकते. तिच्यामागे खडीचा थर, तळाशी भोकांचा पाइप आणि भिंतीत वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं, हवीतच.

पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्जा ते अडवत नाही. तिकडे खिडक्या लहान ठेवा किंवा उभ्या पट्ट्या लावा.

नकाशा पक्का करण्याआधी जागेवर खुंट्या ठोकून दोरीने खोल्या आखा आणि प्रत्येक खिडकीच्या जागी उभं राहून पाहा. घर दोन मीटर सरकवायचं असेल तर ते याच टप्प्यावर.